मागाहूनचे सुख

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या उंब्रजला अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहतात. दगडमातीचा ढीग, त्यावर गेरूने रंगवलेले बुरूज, उतारावर आठवडाभर आधी पेरलेला अळीव आणि पायथ्याशी फुटक्या आरशाचा एक तुकडा. हा तुकडा म्हणजे तळे. मुलांना हे कोणी शिकवीत नाही; पण आरशाच्या कडा मातीने झाकल्या म्हणजे तळे खरे वाटते, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. गेल्या दिवाळीत सातवीतल्या एका पोराने आपला आरसा अशा बेताने बसवला होता की, वाकून पाहिले तर त्यात किल्ला दिसूच नये. दिसावा तो शेजारच्या परड्यातल्या चिंचेचा शेंडा. मी म्हटले, "अरे, तळ्यात किल्ला का नाही दिसत?" तर म्हणाला, "किल्ला समोर दिसतोयच की, गुर्जी. चिंच कुठं माझी हाय? म्हणून ती पाण्यात घेतली."

मी थक्क झालो, कारण नेमकी हीच गोष्ट मी त्या आठवड्यात एका पुस्तकात वाचीत होतो. जपानातले बागवान आपल्या कुंपणापलीकडचा डोंगर, दुसऱ्याच्या देवळाचे शिखर किंवा राजाचा किल्ला आपल्या बागेच्या देखाव्यात ओढून घेतात. झाडांची उंची अशी राखावयाची, की मधली घरे झाकली जावीत आणि दूरचा डोंगर तेवढा बागेचाच भाग वाटावा. या युक्तीला ते शाक्केई म्हणतात. आपण त्याला उसना देखावा म्हणू. जे पुस्तकातून मला कळावयास चाळिशी उलटावी लागली, ते त्या पोराला फुटक्या आरशाने शिकवले होते.

आता उंब्रजच्या मास्तराला जपानच्या बागांचे वेड कोठून लागले, हे सांगितले पाहिजे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक 'लेखक' म्हणतात. पण वास्तुशास्त्र मला कळते, असा आव मी कधी आणला नाही. गोष्ट सुरू झाली ती दगडांपासून. आमचे गाव तारळी आणि कृष्णा यांच्या संगमावरचे; समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्याकडे. इकडे पाल-चाफळ, तिकडे मसूर, खाली तळबीड आणि वसंतगड. अशा मुलखात नांगराच्या फाळाला इतिहास लागतो. कोणा शेतकऱ्याच्या बांधावर वीरगळ निघाला, तो मुलांनी बैलगाडीतून शाळेत आणला. मग एक सतीशिळा आली, जात्याची तळी आली, माळ्यावरच्या गाडग्यातल्या शिवराया आल्या, मोडी कागदांची दोन दप्तरे आली. कोणी न ठरवता एक संग्रह साठला. ठेवावयास जागा नव्हती म्हणून दप्तरे एका खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवली, आणि एका पावसाळ्यानंतर कपाट उघडले तर त्यातल्या एका दप्तराची वाळवीने माती केली होती. वरचा कागद हातात घेतला तो चाळणीसारखा. त्यावरची एक सनावळी तेवढी वाचता आली. ज्या म्हाताऱ्याने विश्वासाने ते दप्तर आणून दिले होते, त्याच्याकडे जाऊन हे सांगणे माझ्या वाट्याला आले. तो काहीच बोलला नाही. त्याने मला चहा दिला. ते मला फार लागले.

त्यानंतर गावात बैठक झाली. एक प्रशस्त हॉल बांधावा, वर स्लॅब, पुढे शटर, आत भिंतीने कपाटे, असे बहुतेकांचे मत पडले. मी मात्र म्हणालो की, लहान लहान तीन-चार खोल्या असाव्यात, मध्ये बाग असावी, आणि दगड बागेत, कागद खोलीत, असे काही करावे. लोक हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, ते एवढेच बोलले: "गुर्जी, बाग म्हणताय. आधी पाण्याचं बोला." बैठक तेथेच संपली. मी घरी येऊन पुस्तके उघडली.

पुण्याला सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. दहा एकरांची ही जागा. पुणे आणि जपानातले ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीची खूण म्हणून ती २००६ साली लोकांना खुली झाली. 'पूर्वरंग' लिहून मराठी माणसाला जपान घरबसल्या दाखवणाऱ्या पुलंचेच नाव तिला मिळाले, हा योग मोठा गोड आहे. ज्या बागेच्या धर्तीवर ती आखली, ती ओकायामाची कोराकुएन. मी शाळेची सहल घेऊन पुण्यास गेलो होतो, तेव्हा मुलांना हिरवळीवर पाय ठेवता येईना म्हणून ती हिरमुसली. पण पाण्याकाठी येताच गप्प झाली. चाळीस मुले आपण होऊन गप्प होतात, हे दृश्य मी माझ्या नोकरीत फार वेळा पाहिलेले नाही.

या कोराकुएनचा इतिहास मी शोधीत गेलो आणि एके ठिकाणी थबकलो. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ साली ही बाग घालावयास घेतली आणि १७०० साली ती पुरी झाली. आता हे दोन आकडे आपल्या बाजूने वाचा. १६८७ साली औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध. मग राजाराम महाराज जिंजीला. १६९९च्या नोव्हेंबरात बादशहाची फौज आमच्या या वसंतगडाखाली आली आणि गड पडला. तेथून ती साताऱ्यास गेली. डिसेंबरपासून वेढा; प्रयागजी प्रभूंनी किल्ला लढवला; सुरुंग उडाले, तटाखाली माणसे गाडली गेली; १७००च्या एप्रिलात अजिंक्यतारा गेला. त्याआधी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांनी देह ठेवला होता, आणि तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई हिने राज्याची धुरा उचलली होती. ज्या वर्षी तिकडे शेवटची हिरवळ लावली जात होती, त्या वर्षी इकडे उभी पिके घोड्यांच्या टापांखाली होती. आणि तीनशे वर्षांनी त्या बागेची प्रतिकृती उभी राहिली, ती सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच.

मला वाटले, झाले! बाग हे सुखवस्तू सरदाराचे चोचले. आबांचे म्हणणे खरे. पण इतिहासात एक माणूस पाहिला की त्याच्यामागे दुसरा उभा असतो. बाग घालणारा कारभारी होता त्सुदा नागातादा. या गृहस्थाचे आधीचे काम पाहा. ओकायामाचे शहर आसाही नदीच्या पुरात बुडत असे, म्हणून पुराचे पाणी बाहेरून वळवून नेणारा प्रचंड पाट त्याने काढला. समुद्रकाठची दलदल बांध घालून भाताची खाचरे केली. आणि याच नागातादाने, त्सुनामासाच्या वडिलांच्या आज्ञेवरून, १६७० साली शिझुतानीच्या डोंगरात सामान्य रयतेच्या मुलांसाठी शाळा उभारली. बिझेनच्या तांबूस भाजक्या कौलांनी शाकारलेली ती शाळा अजून उभी आहे. पाट, खाचरे, शाळा आणि मग बाग, असा हा क्रम आहे. मास्तर असल्यामुळे मला तो विशेष आवडला, हे कबूल करतो.

बागेचे नावही असेच. आरंभी तिला नुसते 'मागची बाग' म्हणत, कारण ती किल्ल्याच्या मागे, नदीपलीकडे होती. १८७१ साली कोराकुएन हे नाव पडले. त्याचा अर्थ मागाहून सुख घेण्याची बाग. मूळ विचार फान झोंगयान नावाच्या अकराव्या शतकातल्या चिनी मुत्सद्द्याचा: शहाण्या अधिकाऱ्याने जगाच्या चिंता जगाआधी वाहाव्यात आणि जगाचे सुख जगामागून भोगावे. १८८४ साली बाग लोकांसाठी खुली झाली, तेव्हा कोठे हे नाव खऱ्या अर्थाने सार्थ झाले असे माझे मत आहे; तोवर जगाला तेथे सुख घेण्याची मुभा फारशी नव्हती.

या बागेत भाताची खाचरे आहेत, चहाचा मळा आहे, सहा मीटर उंचीची हाताने रचलेली टेकडी आहे आणि पलीकडच्या काळ्या किल्ल्याचा उसना देखावा आहे. पण माझे मन जडले ते र्‍युतेन नावाच्या एका लहानशा मंडपावर. चारी बाजूंनी मोकळा, खाली लाकडी तक्तपोशी, आणि मधोमध, घराच्या आतून, ओढा वाहतो. त्या ओढ्यात रंगीत दगड मांडले आहेत. बसणाऱ्याने पाय पाण्याकडे सोडावेत. घर कोठे संपले आणि बाग कोठे सुरू झाली, हे सांगता येऊ नये, एवढीच त्या बांधणाऱ्याची इच्छा. १९४५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या विमानांनी ओकायामा जाळले. किल्ला गेला, बागेतली पुष्कळ घरे गेली. हा मंडप वाचला. बाकीचे जुन्या नकाशांवरून आणि चित्रांवरून पुन्हा उभारले. कागद नीट ठेवले होते म्हणून बाग परत आली. आमचे दप्तर आठवून मी पुस्तक मिटले.

र्‍युतेनसारखे आपल्याकडे काही नाही, असे म्हणणार होतो, तोच साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर आठवली. विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये बांधवली. कोराकुएन पुरी होऊन उणीपुरी वीस वर्षे झाली होती. मोगल गेले होते, शाहू महाराज साताऱ्यास स्थिर झाले होते, आणि श्वास घेता येताच आपल्या माणसांनी पहिल्यांदा काय बांधले, तर विहीर. अष्टकोनी, काळ्या दगडाची, एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी. पण नुसती विहीर नव्हे: पायऱ्या उतरून गेले की पाण्याच्या अंगावरच कोरीव खांबांचा एक छोटा महाल आहे. वर कडक ऊन, खाली गारवा, खिडकीतून पाणी, आणि पाटांनी जाणारे तेच पाणी भोवतालच्या आमराईला. हे स्थापत्य आणि बाग यांचे लग्न नव्हे तर काय? जपानी माणसाने पाणी घरात घेतले. आपल्या बाईने घर पाण्यात नेले. शिवाय आबांच्या प्रश्नाचे उत्तर तिने आधी दिले आणि महाल मागाहून बांधला.

आता वस्तुसंग्रहालयाकडे वळू. मुंबईच्या राणीच्या बागेत १८७२ साली उघडलेले संग्रहालय आहे, त्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. बाग त्याहून दहा वर्षे जुनी. एवढी जवळ असूनही इमारत आणि बाग एकमेकींशी बोलत नाहीत. इमारत सुंदर आहे, पण तिने बागेकडे पाठ केली आहे असे मला वाटते. घारापुरीचा दगडी हत्ती इंग्लंडला नेताना १८६४ साली फुटला आणि १९१४ साली सांधून या बागेत उभा केला, तोच बिचारा दोघींमध्ये दुवा म्हणून उभा आहे.

जपानी माणसाची वस्तू दाखवण्याची रीतच वेगळी. त्यांच्या जुन्या घरात एक देवळी असते, तोकोनोमा. तीत एका वेळी एकच चित्र टांगावयाचे, खाली एखादे फूल ठेवावयाचे. ऋतू बदलला की चित्र गुंडाळून पेटीत जाते आणि दुसरे निघते. पन्नास चित्रे भिंतभर लावून माणसाला दमवणे त्यांना असभ्यपणाचे वाटते. नाराला शोसोइन नावाचे लाकडी ओंडक्यांचे कोठार आहे. शोमू बादशहाच्या वस्तू ७५६ साली बुद्धाला वाहिल्या, त्या तेथे राहिल्या. जमिनीपासून पुरुषभराहून उंच खांबांवर उचललेले ते कोठार, आत देवदाराच्या पेट्या. पाच तारांची एक वीणा तीत आहे. त्या वाद्याचे मूळ आपल्या भारतातले मानतात. हजार-बाराशे वर्षे या वस्तू टिकल्या त्या उंच जोत्यावर, पेटीत आणि अंधारात. १९४६ पासून त्यांतल्या काही थोड्या दर शरद ऋतूत जेमतेम दोनएक आठवडे लोकांना दाखवतात, आणि पुन्हा बंद. हे वाचून माझी पत्नी म्हणाली, "म्हणजे आपल्या गौरीच की! वर्षभर ट्रंकेत, तीन दिवस बाहेर." इतक्या ग्रंथांतून मला जे सुचले नव्हते, ते तिने चकल्या तळता तळता सांगितले.

शिमाने प्रांतात यासुगी येथे १९७० साली अदाची झेन्को नावाच्या व्यापाऱ्याने चित्रसंग्रहालय काढले. त्यात योकोयामा ताइकान या चित्रकाराची शंभरावर चित्रे आहेत. हा ताइकान १९०३ साली कलकत्त्यास येऊन ठाकूरांच्या घरी राहून गेलेला. पण त्या संग्रहालयाची कीर्ती चित्रांइतकीच बागेची. बागेत फिरावयाचे नाही. घरात हिंडत खिडक्यांतून ती पाहावयाची. खिडकीची चौकट म्हणजे चित्राची चौकट. एका तोकोनोमात तर टांगलेल्या चित्राच्या मापाची भिंतच कापली आहे. चित्र म्हणून जे दिसते ते बाहेरचे झाड. ऋतू बदलला की चित्र आपोआप बदलते, पेटीचीही जरूर नाही!

मात्र लाकडाचे सौंदर्य अग्नीलाही फार आवडते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचे दैव पाहा. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून उतरवलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्सने मुंबईच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्यांपैकी कित्येक १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनला जळाल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अराई काम्पो प्रभृती जपानी चित्रकार अजिंठ्यास आले, त्यांनी उतरवलेल्या नकला तोक्योला गेल्या आणि १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत भस्म झाल्या. अजिंठ्याच्या चित्रांशी ज्यांचे नाते सांगतात ती नाराजवळच्या होर्‍युजी मंदिरातली भित्तिचित्रे १९४९च्या जानेवारीत होरपळली. त्यानंतर पुढच्याच वर्षी जपानने प्राचीन ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला.

आणि याच अजिंठ्याचे वेड आमच्या जिल्ह्यातल्या एका राजाला होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. अजिंठ्यावर त्यांनी १९३२ साली पुस्तक काढले. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या चढणीत अर्ध्यावर, त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उघडले. संग्रहालय म्हणजे राजवाड्यातली उरलेली खोली, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी देवीच्या वाटेवर जागा निवडली. यात्रेला चढणारी आजीबाई दम खावयास थांबावी आणि रविवर्म्याचे चित्र पाहून वर जावी! त्या इमारतीत उजेड वरून, पण उन्हाची तिरीप चित्रावर पडणार नाही अशा बेताने घेतला आहे. हेन्री मूरचे 'माय-लेकरू' हे दगडी शिल्पही तेथे आहे, आणि मी पाहिले आहे की खेड्यातल्या बायका त्याच्यापुढे रविवर्म्याइतक्याच वेळ उभ्या राहतात. बाळासाहेबांनी जपानचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. डोंगर, देवी, वाट आणि उजेड ही त्यांची बाग होती, एवढेच मला दिसले.

एवढे वाचून-पाहून झाल्यावर मी पुन्हा आबांकडे गेलो, या वेळी वहीत आराखडा घेऊन. मी त्यांना सांगितले की, जपानातले शेवाळ आपल्याकडे चैत्रात जळून जाईल. त्यांच्याकडे उन्हाळ्यात पाऊस असतो, आपला पाऊस चार महिन्यांत संपतो. तेव्हा हिरवळ नको. क्योतोच्या र्‍योआनजीत पंधरा दगड आणि नुसती पांढरी वाळू, अशी बिनपाण्याची बाग आहे. कोठूनही पाहा, एक दगड लपलेलाच राहतो. आपल्याकडे कृष्णेची वाळू आहे, आणि दगड तर आपले वीरगळ. ते रांगेत कवायतीला उभे करावयाचे नाहीत. वाट वळेल तसतसा एकेक दिसावा. चेरीच्या जागी बहावा आणि पांगारा, कुंपणाला मेंदी, आणि दाराशी पारिजात. खोल्या तीनच. एक जाड भिंतींची, उंच दगडी जोत्यावर, कागदांसाठी. तिला वाळवी चढता कामा नये आणि दार वर्षातून थोडेच दिवस उघडावे. दोन मोकळ्या, पुढे रुंद ओसरी. जपानी माणूस जिला एनगावा म्हणतो, ती आपली ओसरीच. फक्त आपण तिच्यावर धान्याची पोती रचतो आणि तो बसून पाऊस पाहतो. काळ्या मातीत भिंतीला भेगा जातात, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावयाचा. कौले उतरती, आणि पावळीचे पाणी जमिनीखालच्या टाक्यात. दक्षिणेला भिंत घालावयाची नाही. तळबीडच्या बाजूचे डोंगर तेवढे उसने घ्यावयाचे.

आबांनी सारे ऐकून घेतले. "डोंगराला भाडं नाही पडत, हे बरं," म्हणाले. पण पैशाचे नाव कोणी काढले नाही, आणि स्लॅबवाल्यांचा पक्ष अजून मोठा आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी शाळेच्या अंगणात किल्ला केला नाही. माझ्या वहीतले संग्रहालय केले. मातीच्या तीन खोल्या, काड्यांचे खांब, नदीची वाळू, तिच्यात वीरगळ म्हणून उभे केलेले गोटे. चिंचेवाल्या पोराने, आता तो आठवीत आहे, आरसा टाक्याच्या जागी बसवला. संध्याकाळी पणत्या लावीत होतो, तेव्हा आबा काठी टेकीत आले. चपला काढून उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग काठीच्या टोकाने त्यांनी कागदांच्या खोलीचे छप्पर दाखवले.

"हे आखूड झालंय," ते म्हणाले. "पागोळ्या भिंतीवर येतील. कागद पुन्हा भिजतील की रं."

पोराने किलतान आणले, मोडले, आणि छप्पर दोन बोटे पुढे काढले.